कापसातला खडा

जिनिंगच्या मालकाला चोरापेक्षा खड्याची भीती जास्त. वेचणीत, ओट्यावर किंवा गाडी रिकामी करताना कापसात एखादा खडा येतो, कधी खिळा, कधी नटबोल्टचा तुकडा. तो कापसाबरोबर वर ओढला जातो, रोलरजवळच्या पात्यावर आपटतो आणि ठिणगी उडते. ती कुणाला दिसत नाही. रुईत शिरते, आत धुमसत राहते, आणि हमाल घरी गेल्यावर मध्यरात्री कधीतरी गंजीच्या पोटातून धूर निघतो. म्हणून आदिलाबादच्या जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंज्या एकमेकींना चिकटून रचत नाहीत, मध्ये गाडी जाईल एवढी वाट सोडतात. पाण्याचा हौद भरलेला असतो, वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या असतात, आणि आत बिडी पेटवणाऱ्याला मुकादम आधी शिवी देतो, मग नाव विचारतो. यासाठी कुणी शिबिर घेतलेलं नाही. आग लागली की काय होतं ते सगळ्यांनी एकदा तरी पाहिलेलं आहे, तेवढं पुरतं.

आता त्याच आवारातल्या काचेच्या दाराआडच्या ऑफिसात या. एक कॉम्प्युटर. त्यातलं विंडोज फुकटात मिळवलेलं, हिशोबाचं सॉफ्टवेअर ओळखीच्या पोराने 'क्रॅक' करून दिलेलं. वजनकाट्याची वायर त्यालाच, सीसीटीव्ही त्यालाच, बँकेचं काम त्याच्यावरच, आणि दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपही त्याच्यावरच उघडं. ज्यावर ओटीपी येतो तो शेठचा दुसरा फोन गुमास्त्याच्या टेबलावर, कारण शेठ यार्डात लिलावाला गेलेले. डिजिटल सहीचं टोकन कर-सल्लागाराच्या ड्रॉवरमध्ये, इतर पन्नास टोकनांच्या शेजारी, प्रत्येकावर चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर पिन. ही डिजिटल सही म्हणजे कायद्याच्या दृष्टीने शेठचा हातच आहे. आपला हात दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवून माणूस शांत झोपतो, याचं मला रोज नवल वाटतं.

इथे गंज्यांमध्ये वाट सोडलेली नाही. सगळं एकाला एक चिकटून.

रुईबाबत जे शहाणपण या पेठेकडे आहे ते हिशोबाबाबत का नाही? 'लोकांना कॉम्प्युटरचं ज्ञान नाही' हे नेहमीचं उत्तर मला पटत नाही. जो माणूस मुठीत कापूस दाबून त्यातला ओलावा सांगतो, त्याला पासवर्ड समजत नाही असं म्हणणं हा त्याचा अपमान आहे. कारण वेगळं आहे. ही पेठ विश्वासावर चालते, आणि आजचा चोर नेमका तो विश्वासच वापरतो. कुलूप फोडायला तो येतच नाही. ओळखीच्या माणसाचा आवाज काढून तो दार उघडायला सांगतो, आणि आपण उघडतो, कारण ओळखीच्या माणसासाठी दार उघडणं हाच इथला धर्म आहे.

आदिलाबादचा व्यापार हा सरहद्दीचा व्यापार आहे हे इथे लक्षात घ्यायला हवं. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. राज्य बदललं, सोयरीक बदलली नाही. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये जिल्ह्याचे चार तुकडे झाले, तरी बेला, जैनद, तामसीकडचा शेतकरी मराठीतच बोलतो आणि पांढरकवड्याचा, वणीचा व्यापारी त्याला मराठीतच भाव सांगतो. सौदा फोनवर होतो. माल आधी जातो, पैसे मागून येतात. 'हो' म्हटलं की झालं, कागद नंतर. ही गावंढळ पद्धत नाही. हीच खरी भांडवलाची बचत आहे: ज्या बाजारात शब्द पाळला जातो तिथे वकील, तारण, हमी यांवरचा खर्च वाचतो. आदिलाबादच्या पेठेने हे भांडवल कित्येक पिढ्या साठवलं. आज ते उघड्यावर पडलेलं आहे.

यावर पहिला प्रतिवाद ठरलेला: 'आमच्याकडे कोण येतंय? मुंबई-हैदराबाद सोडून इथे?' तर नांदेडचं पाहू. किनवट-भोकर-मुदखेडच्या रेल्वेमार्गाने गेलं तर ते आपलं शेजारचंच मोठं गाव. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या शंकर नागरी सहकारी बँकेचे सुमारे साडेचौदा कोटी रुपये आयडीबीआय बँकेतल्या तिच्या खात्यातून परस्पर वळते झाले, शेकडो खात्यांत. ही काही जगप्रसिद्ध बँक नव्हती. चोराला तिचं नाव माहीत असण्याची गरजही नव्हती. जाळं टाकणारा मासा निवडत नाही. लाखो पत्त्यांवर एकच मेल जातो, यंत्रच उघडी दारं हुडकतं, आणि सापडलेल्या दारामागे काय आहे ते माणूस नंतर पाहतो. आपण लहान आहोत म्हणून सुरक्षित आहोत, ही समजूत हाताने फोडायच्या कुलपांच्या काळातली आहे.

दुसरं उदाहरण आपल्याच तेलंगणातलं आहे आणि त्यावर थोडं थांबायला हवं, कारण त्यात खडा, ठिणगी आणि चिकटलेल्या गंज्या हे सगळं आहे. हैदराबादची ए. पी. महेश को-ऑपरेटिव्ह अर्बन बँक. जानेवारी २०२२ मध्ये एका शनिवार-रविवारात तिच्यातून बारा कोटींहून अधिक रक्कम गेली. पोलिसांच्या तपासात जे पुढे आलं ते असं: काही महिने आधी कर्मचाऱ्यांना सुमारे दोनशे फसवे मेल आले होते. त्यातले दोन उघडले गेले. दोनशेपैकी दोन! एकशे अठ्ठ्याण्णव वेळा दक्षता यशस्वी झाली, पण तिचा काही उपयोग झाला नाही. त्या दोन मेलमधून आत शिरलेल्या प्रोग्रॅमने कीबोर्डवरची बोटं टिपायला सुरुवात केली आणि मग चोर हळूहळू एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर सरकत मुख्य यंत्रणेपर्यंत पोचला. सरकू शकला, कारण बँकेचं जाळं एकसंध होतं. भागाभागांत भिंती नव्हत्या, आणि सगळ्या चाव्या असलेली खाती गरजेपेक्षा जास्त होती. मग आतल्याच तीन-चार खात्यांत मोठ्या रकमा दाखवल्या गेल्या, तिथून शंभरावर खात्यांत, तिथून आणखी शेकडो खात्यांत, आणि देशभरातल्या एटीएममधून नोटा बाहेर. रिझर्व्ह बँकेने सायबर सुरक्षेचे नियम न पाळल्याबद्दल २०२३ मध्ये या बँकेला पासष्ट लाखांचा दंड केला.

या प्रकरणातून बहुतेक लोक 'मेल उघडू नका' एवढाच धडा काढतात. मला तो अपुरा वाटतो, थोडा अन्यायाचाही. कापसात खडा येणारच. वेचणाऱ्या बाईला कितीही बजावलं तरी एखादा येणार. जिनिंगवाला तिच्यावर चिडतो, पण आपली गिरणी तिच्या नजरेच्या भरवशावर ठेवत नाही. तो गंज्यांमध्ये वाट सोडतो, म्हणजे एक पेटली तर एकच पेटेल. बँकेत दोन कारकुनांनी चूक केली हे खरं. पण दोन कारकुनांच्या चुकीने बारा कोटी जाऊ शकतात अशी मांडणी कुणी केली होती? कारकुनांनी नाही.

ही वाट सोडणं लहान धंद्यात फार स्वस्तात होतं, म्हणूनच न करण्याला निमित्त उरत नाही. बँकेच्या व्यवहारासाठी एक वेगळा, साधा, जुना चालेल पण अपडेट केलेला कॉम्प्युटर. त्यावर ना मेल, ना व्हॉट्सअ‍ॅप, ना कुणाचा पेनड्राइव्ह. वजनकाटा आणि कॅमेरे वेगळ्या जोडणीवर, आणि कॅमेऱ्याच्या डब्याबरोबर आलेला कारखान्याचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदललेला. पैसे भरणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, असे दोन हात बँका व्यावसायिक खात्यांना देतात. ते घ्यायला कुणी जात नाही, कारण मग शेठला यार्डातून स्वतः अंगठा हलवावा लागतो. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबद्दल मात्र मी थोडं कठोर बोलेन. ते फुकट नसतं. ज्याने त्याचं कुलूप तोडलं त्याने आत स्वतःसाठी खिडकी ठेवली नसेल, यावर विश्वास ठेवायचा तर ठेवा. मुकादमाला माल देताना तुम्ही इतके भोळे नसता.

खंडणीचा प्रकार यापेक्षा वेगळा आहे. तिथे पैसे चोरत नाहीत, तुमच्या फायलींना कुलूप लावतात आणि चावीची किंमत मागतात. आपण ज्या उत्तर तेलंगणाच्या वीज कंपनीला बिल भरतो तिची वेबसाइट आणि तिच्यासारख्या इतर कंपन्यांच्या वेबसाइट २०१९ च्या उन्हाळ्यात अशाच हल्ल्यात बंद पडल्या होत्या. माहितीची प्रत वेगळी राखलेली होती म्हणून गाडी पुन्हा रुळावर आली. खंडणीचा मुखवटा घातलेल्या हल्ल्याचं जगभर गाजलेलं उदाहरण २७ जून २०१७ चं. युक्रेनमधल्या कर भरण्याच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा किडा बाहेर पडला आणि मेर्स्क या डॅनिश जहाज कंपनीची जगभरातली यंत्रणा काही तासांत आडवी झाली. न्हावाशेवाच्या जेएनपीटीतलं त्या गटाचं टर्मिनल ठप्प झालं. तिथल्या कंटेनरमधल्या मालाच्या एकाही मालकाने कुठलाही मेल उघडला नव्हता, युक्रेनचा कर भरला नव्हता.

त्या गोष्टीत एक तपशील असा आहे की आदिलाबादच्या माणसाला तो ऐकून हसू येईल. मेर्स्कने सगळी यंत्रणा पुन्हा उभी करायला घेतली तेव्हा त्यांच्या जाळ्याचा नकाशा म्हणावा अशी माहिती ठेवणारे सगळे सर्व्हर नष्ट झाले होते. फक्त घानामधला एक वाचला होता. हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती म्हणून! अब्जावधींची कंपनी लोडशेडिंगने वाचली.

याचा अर्थ असा की जी प्रत तारेला जोडलेली नाही तीच प्रत. रोज संध्याकाळी आपोआप दुसऱ्या डिस्कवर उतरणारी प्रत चांगली, पण ती डिस्क कायम जोडलेली असेल तर कुलूप तिलाही लागतं. आठवड्याला दोन डिस्क आलटून पालटून, एक घरी. आणि वर्षातून एकदा त्या प्रतीतून हिशोब परत उभा करून पाहायचा. हे शेवटचं जवळजवळ कुणीच करत नाही, आणि मग गरजेच्या दिवशी कळतं की दोन वर्षं रिकामी फाइल उतरत होती. शिवाय जुन्या पेढ्यांत लक्ष्मीपूजनाला अजून लाल वहीची पूजा होते, पहिल्या पानावर श्री लिहितात आणि वही कपाटात जाते. त्या वहीत रोज रात्री शिल्लक, येणं-देणं आणि किती गठाणी कुठे गेल्या एवढ्या चार ओळी गुमास्त्याने लिहिल्या, तर कुठलाही किडा तिथपर्यंत पोचणार नाही. मी हे गंमतीने म्हणत नाही.

आता मूळ दुखण्याकडे, विश्वासाकडे. आपण समजतो की जुने लोक डोळे मिटून विश्वास ठेवत. जुनी हुंडी पाहिली की हा समज जातो. हुंडीत रक्कम आकड्यात असे, अक्षरात असे, आणि त्यावर पुन्हा लिहीत: शंभर, निमे पन्नास, त्याची दुप्पट शंभर. एक शून्य वाढवायचं तर तीन ठिकाणी खोटं करावं लागे, आणि तेही एकमेकांशी जुळणारं. हुंडी काढली की ज्याच्यावर काढली त्याला वेगळ्या पत्राने खबर जाई. हुंडी एका वाटेने, खबर दुसऱ्या वाटेने. हुंडी हरवली तर पैठ लिहून देत, पैठ हरवली तर परपैठ, आणि एकावर पैसे दिले की दुसरी आपोआप रद्द. शाहजोग हुंडी असेल तर पैसे वाटेल त्याच्या हातात जात नसत, बाजारात पत असलेल्या शाहाच्याच हातात जात. आज ज्याला दुहेरी पडताळणी म्हणून विकतात ती पेठेने कागदावर आणि घोड्यावर चालवली होती. विश्वास होताच, पण तो माणसावर होता. निरोपावर नव्हता. निरोप कुणीही आणू शकतो हे त्यांना ठाऊक होतं.

फोनने हा फरक पुसला. निरोप आणि माणूस एकच झाले. पडद्यावर शेठचा फोटो दिसला की शेठच बोलतात असं वाटू लागलं. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटसारख्या कंपनीकडून एक कोटीहून अधिक रक्कम गेली, ती अशीच. एका संचालकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर अदर पूनावाला यांच्या नावाने संदेश आला, अमुक खात्यांत तातडीने पैसे पाठवा, आणि पाठवले गेले. त्याआधी २०१५ मध्ये ओएनजीसीचे १९७ कोटी अडकले होते. नाफ्था विकला सौदीच्या अरामकोला, आणि पैसे गेले तिसऱ्याच खात्यात, कारण खातं बदलल्याचा मेल ज्या पत्त्यावरून गेला त्यात 'ओएनजीसी'ऐवजी 'ओजीएनसी' होतं. इंग्रजी अक्षरांची एक अदलाबदल. तो पत्ता पुन्हा एकदा कुणी वाचला असता तर?

वाचणारा असतो तेव्हा काय होतं तेही इतिहासात आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेश बँकेच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यावर चोरांनी दरोडा घातला, त्यातली दोन कोटी डॉलरची एक रक्कम श्रीलंकेतल्या एका संस्थेच्या नावे होती. 'फाउंडेशन' या शब्दाचं स्पेलिंग चुकलेलं दिसल्यावर मधल्या बँकेतल्या कुणीतरी विचारणा केली आणि ते पैसे थांबले. पण आठ कोटी दहा लाख डॉलर गेले. त्या रकमेबाबत महागड्या यंत्रांनी जे केलं नाही ते एका कारकुनी डोळ्याने केलं.

म्हणून माझं म्हणणं असं: पेठेने विश्वास सोडू नये, तो पुन्हा माणसावर आणावा. वणीच्या पार्टीचा संदेश आला की 'आमचं खातं बदललं, नव्या खात्यात टाका', तर त्याच संदेशाला उत्तर देऊन खात्री करायची नाही. त्यातल्या नंबरवर फोन करायचा नाही. आपल्या जुन्या डायरीत जो नंबर आहे त्यावर आपण फोन लावायचा. खबर दुसऱ्या वाटेने. आणि आवाज ओळखीचा आहे एवढ्यावर थांबायचं नाही, कारण थोड्याशा रेकॉर्डिंगवरून हुबेहूब आवाज काढणारी साधनं आता कुणाच्याही हातात आहेत. गेल्या वर्षी पोळ्याला काय बोललो होतो ते विचारा. यंत्राला ते ठाऊक नसतं.

यावर व्यापारी म्हणतो, सीझनमध्ये एवढा वेळ कुणाला आहे? ऑक्टोबर ते फेब्रुवारी, यार्डात गाड्यांची रांग, प्रत्येकाला तकपट्टी, म्हणजे विक्रीची पावती, हातात हवी, शेतकरी दारात उभा. बरोबर आहे. पण याच पेठेत प्रत्येक गाडीचं वजन दोनदा होतं, भरलेलीचं आणि रिकामीचं. काट्यावर एकदाच गाडी घेऊन कुणी 'अंदाजे धरा' म्हणालं तर शेतकरी ऐकेल का? घाईचं कारण तिथे चालत नाही, कारण तिथे तोटा ज्याला व्हायचा तो समोर उभा असतो. घाई ही चोराने दिलेली वस्तू आहे. पाहा ना, असा प्रत्येक संदेश 'तातडीने' या शब्दाने सुरू होतो.

एवढं बोलून सगळा भार व्यापाऱ्याच्या आणि गुमास्त्याच्या डोक्यावर टाकला तर तो अन्याय होईल. जागृतीचे फलक मी पाहतो. ते तेलुगूत आणि इंग्रजीत असतात. फसवणारा फोन मात्र हिंदीत येतो, कधी चांगल्या मराठीतही. जैनदच्या मराठी गुमास्त्याला, उटनूरच्या गोंड दुकानदाराला चोर त्याच्या भाषेत बोलावतो आणि सरकार सावध करतं परक्या भाषेत, यात कोण जिंकणार? भाषा हा सुरक्षेचाच भाग आहे. पण सायबर सुरक्षेच्या योजनांमध्ये भाषांतराला शेवटच्या ओळीत जागा मिळते.

आणि सरकारी घर तरी कुठे शाबूत आहे? २०१८ मध्ये पेद्दपल्ली जिल्ह्यातल्या एका माणसाने तेलंगणाच्या नोंदणी विभागाच्या वेबसाइटवरचे जमिनीचे दस्त उतरवून घेतले, त्यावरच्या अंगठ्यांचे रबरी ठसे बनवले आणि त्यांवर सिमकार्ड सुरू केली. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठा कसा बदलणार? शेतकऱ्याने जमिनीचा दस्त विश्वासाने कचेरीत दिला, आणि कचेरीने तो रस्त्यावर वाळत घातला. जून २०२४ मध्ये तेलंगणा पोलिसांच्या 'हॉक आय' या नागरिकांसाठीच्या अ‍ॅपमधलीच माहिती फुटली.

सुरक्षा म्हणजे चोर न येणं एवढंच नाही, गरजेच्या वेळी यंत्रणा चालू असणं हेही आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्व्हरच्या अडचणीमुळे तेलंगणात सीसीआयची, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाची, कापूसखरेदी थांबली तेव्हा कुठलाही हॅकर नव्हता, तरी गाडीवर बसून राहिलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने परिणाम तोच. त्याच वर्षीच्या हंगामात 'कपास किसान' अ‍ॅप आलं. नोंदणी मोबाइलवर, माल कधी आणायचा तो दिवसही मोबाइलवर, पैसे आधार जोडलेल्या खात्यात. सोय आहे, नाकारत नाही. पण आता प्रत्येक शेतकऱ्याचा मोबाइल हा कापसाच्या बाजाराचा एक दरवाजा झाला. पीएम-किसानच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी बनावट एपीके फाइल त्याच मोबाइलवर येते. खासगी व्यापाऱ्याला वाटेल हा शेतकऱ्याचा प्रश्न. पण ज्याचे पैसे तुम्ही दुपारी खात्यात टाकले आणि संध्याकाळी कुणी काढून नेले, तो आधी तुमच्याच गादीवर येणार आहे.

दरवाजा दुसऱ्याच्या घरात असतो याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण ३१ जुलै २०२४ चं. सी-एज या तंत्रज्ञान कंपनीवर खंडणीचा हल्ला झाला आणि राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, तिला तात्पुरतं बाजूला काढलं. परिणाम, देशातल्या सुमारे तीनशे सहकारी आणि ग्रामीण बँकांचे ग्राहक एक दिवस यूपीआय वापरू शकले नाहीत. त्या बँकांची स्वतःची चूक काही नव्हती. त्यांनी काम ज्याला दिलं त्याचं घर पेटलं. आपल्या जिनिंगचा असा 'ज्याला दिलं तो' कोण? काट्याच्या सॉफ्टवेअरवाला, जो नागपूरहून एनीडेस्कवर आत येतो आणि कायम आत राहतो. कर-सल्लागार. सीसीटीव्हीवाला. त्यांना घराबाहेर काढा असं मी म्हणत नाही. काम झालं की दार लावा, आणि टोकन आपल्या तिजोरीत ठेवा. आदिलाबाद शहरात परदेशी ग्राहकांची कामं करणारी बीडीएनटी लॅब्ससारखी कंपनी आहे, कॉम्प्युटर शिकलेली मुलं गावोगावी आहेत. दहा जिनिंगवाल्यांनी मिळून अशा एका मुलाला महिन्याला ठरावीक पगार दिला, तर त्या खर्चात एखादी गंजीसुद्धा विकत येणार नाही.

मुलांचा विषय निघाला म्हणून एक कडवट गोष्ट. महेश बँकेचे पैसे शेकडो खात्यांतून फिरले. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये हल्ला झाला, ९४ कोटींवर रक्कम गेली, अठ्ठावीस देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. पण भारतात जे निघाले त्यातले कोल्हापुरात बनावट कार्ड घेऊन काढणारे हात आपल्याच पोरांचे होते. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा केली. परदेशातला मेंदू सापडत नाही, सापडतं ते भाड्याने दिलेलं खातं. बेकार मुलगा पाच-दहा हजारांसाठी पासबुक, एटीएम आणि सिम कुणाच्या तरी हवाली करतो, आणि त्याला वाटतं यात काय चोरी? गावात अशी चार खाती भाड्याने मिळतात तोवर पेठेच्या कुठल्याही भिंतीला अर्थ नाही, कारण लुटलेला पैसा जिरवायची जागा आपणच पुरवतो. याला सॉफ्टवेअर नाही. याला रोजगार लागतो, आणि तोवर निदान गावच्या बँकमित्राने दोन प्रश्न जास्त विचारावेत.

शेवटची अडचण म्हणजे बाजारातली पत. जिनिंगला आग लागली की लपवता येत नाही, धूर दहा मैलांवरून दिसतो, शेजारचा मालक, ज्याच्याशी कालच भावावरून भांडण झालं, तोही टँकर पाठवतो. ऑनलाइन फसवणूक झाली की शेठ दार लावून घेतात. 'बाजारात कळलं तर उधारी बंद होईल.' भीती खोटी नाही. पण या गप्प बसण्याचा फायदा एकालाच होतो, आणि तो शेजारच्या पेढीवर तीच युक्ती आठवड्याने वापरतो. कायदा तर बोलण्याच्या बाजूने आहे. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार असे हल्ले कळल्यापासून सहा तासांत कळवायचे आहेत, यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेच्या हयगयीला अडीचशे कोटींपर्यंत दंड आहे. अडीचशे कोटी ऐकून आमचा अडत्या हसेल, आणि त्याने हसावंच. हे कायदे मोठ्यांसाठी शिवलेले आहेत, लहानाच्या अंगावर ते तंबूसारखे लोंबतात. पण सायबर फसवणुकीची तक्रार घेणारा १९३० हा नंबर त्याच्यासाठीही आहे. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात उडी मारतो तेवढ्या वेळात तो लागला तर पुढच्या बँकेत रक्कम गोठवता येते. दुसऱ्या दिवशी सकाळी मुनीम, वकील आणि मेहुण्याचा सल्ला घेऊन लावला तर बहुधा नाही. आणि पैसे यवतमाळच्या खात्यात गेले, हद्द कुणाची, हा जुना सरहद्दीचा घोळही आता आडवा येऊ नये. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेत गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्याने तक्रार नोंदवून घ्यायची आहे.

जिनिंगच्या फाटकाशेजारच्या भिंतीवर अग्निशमन दलाचा नंबर लाल रंगात मोठा काढलेला असतो. दर वर्षी खंडेनवमीच्या आधी रंगारी येतो आणि तो गिरवून जातो. त्याच्याखाली चार आकड्यांपुरती भिंत मोकळी आहे.